एच-४ व्हिसावर शिकताना : आधी रहिवास, मग प्रवेश

लग्नानंतर अमेरिकेला गेलेली मुलगी बी.कॉम. किंवा इंजिनिअर असते. इथे चार-पाच वर्षं नोकरी केलेली असते आणि तिथे नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर तिचं काम थांबतं. तिशी-पस्तिशीत ती पुन्हा शिकायचं ठरवते. मग फीचा आकडा समोर येतो आणि पुण्या-नाशिकचे आईवडील विचारतात, ‘फ्लॅट गहाण ठेवून कर्ज काढू का?’

अशा कुटुंबांना माझं सांगणं एकच आहे. कोर्स निवडण्याआधी आपण फीच्या कोणत्या गटात मोडतो, ते नक्की करा. एकाच वर्गात बसणाऱ्या दोघांच्या फीमध्ये सहापटीहून अधिक फरक असू शकतो.

फीचे दोन दर

अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं आणि कम्युनिटी कॉलेजं राज्य सरकारच्या अनुदानावर चालतात. म्हणून राज्याच्या रहिवाशांना ‘इन-स्टेट’ फी आणि बाकीच्यांना ‘आउट-ऑफ-स्टेट’ फी लागते. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांच्या पदवीला ६० युनिट धरले, तर हे २,७६० डॉलर झाले. रहिवासी नसलेल्यांना बहुतेक ठिकाणी युनिटमागे ३०० डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, म्हणजे तेवढ्याच शिक्षणाला १८,००० डॉलरहून अधिक. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात पदवीला शिकणाऱ्या बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३४,००० डॉलरहून जास्त भरावे लागतात.

व्हिसा तात्पुरता, तरी रहिवासी?

‘आपला व्हिसा तात्पुरता आहे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचीच फी लागणार’, असं गृहीत धरून अनेक जण चौकशीच करत नाहीत. प्रत्यक्षात तात्पुरत्या व्हिसांमध्येही फरक आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर मायदेशातलं घर कायम ठेवण्याची अट असते. एच-१बी आणि त्यावर अवलंबून असलेल्या एच-४ला ती अट नाही. त्यामुळे ‘मी याच राज्यात राहणार आहे’ असं ही मंडळी कायद्याने म्हणू शकतात.

या विचाराला मोठा आधार १९८२च्या ‘टोल विरुद्ध मोरेनो’ निकालाने दिला. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांची मुलं जी-४ व्हिसावर मेरीलँड विद्यापीठात शिकत होती. त्यांना सरसकट इन-स्टेट फी नाकारणारं विद्यापीठाचं धोरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. आज कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये एच-४ धारकाला रहिवास सिद्ध करता येतो. बाकी राज्यांचे नियम सारखे नाहीत. म्हणून मैत्रिणीच्या अनुभवावर विसंबू नका, आपल्या कॉलेजच्या प्रवेश विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

रहिवासासाठी साधारणपणे सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष राहिलेलं असावं लागतं. पुरावेही लागतात : दोघांच्या नावावरचा भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक खातं, राज्याचा टॅक्स रिटर्न. सगळे कागद नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असले, की पुढे अडचण येते. म्हणून गेल्या गेल्या भाडेकरारात आणि बँक खात्यात तिचं नाव घाला. शिकायचं दोन वर्षांनी ठरलं, तरी हे कागद तेव्हा कामाला येतील.

एफ-१ची घाई नको

एच-४वर शिकायला व्हिसा बदलावा लागत नाही. पूर्णवेळ शिका, नाहीतर लहान मूल सांभाळत एकच विषय घ्या, दोन्ही चालतं. एफ-१वर मात्र पूर्णवेळ शिकणं बंधनकारक असतं आणि बहुतेक ठिकाणी इन-स्टेट फीचा हक्कही जातो.

तरी एफ-१ घेण्याला एक भक्कम कारण आहे. पदवीनंतर १२ महिने ‘ओपीटी’ म्हणजे कामाची परवानगी मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक पदव्यांना आणखी २४ महिने. एच-४वर ओपीटी नाही. पण नवऱ्याचा ग्रीनकार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल, तर २०१५पासून एच-४ धारकालाही वर्क परमिट मागता येतं. म्हणून मधला रस्ता विचारात घ्या. पायाभूत विषय एच-४वर कमी फीत पूर्ण करा आणि मास्टर्सच्या वेळी एफ-१चा हिशोब मांडा. व्हिसा बदलण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या.

पैसे कुठून?

एच-४ धारकाला अमेरिकन केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. खासगी कर्जाला बहुतेकदा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जामीन मागतात. म्हणूनच कमी फीचे रस्ते आधी शोधायचे.

जॉर्जिया टेकचा २०१४मध्ये सुरू झालेला कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन मास्टर्स साधारण ७,००० डॉलरमध्ये होतो, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा सुमारे १०,००० डॉलरमध्ये. दोन्हीकडे रहिवासावर फी बदलत नाही. बी.कॉम. झालेल्यांनी आधी भारतीय पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं. कॅलिफोर्नियात सीपीए या अकाउंटंटच्या परवान्यासाठी कम्युनिटी कॉलेजचे अकाउंटिंगचे क्रेडिट धरले जातात. त्यामुळे पूर्ण मास्टर्सऐवजी मोजके विषय पुरतील का, हे तपासता येतं.

मुलांचीही तारीख लक्षात ठेवा

एच-४वरचं मूल २१ वर्षांचं झालं, की त्याचा अवलंबिताचा दर्जा संपतो. तोवर ग्रीनकार्ड आलं नसेल, तर बहुतेकांना एफ-१वर जावं लागतं आणि पदवीच्या ऐन मधल्या वर्षी फी वाढू शकते. मूल दहावी-अकरावीत असतानाच कॉलेजला विचारून ठेवा आणि शेवटच्या वर्षांसाठी वेगळी तरतूद करा.

आईवडिलांनी घर गहाण ठेवण्याआधी मुलीला तीन प्रश्न विचारावेत. या राज्यात तुला रहिवासी धरतात का? धरत असतील, तर कोणत्या तारखेपासून? आणि शिकून झाल्यावर कोणत्या परवानगीवर काम करणार? तिन्हींची उत्तरं कागदावर आल्याशिवाय कर्जाच्या अर्जावर सही करू नका. रहिवासाचं वर्ष भरायला सहा महिने कमी असतील, तर ते थांबणं फुकट जात नाही, हजारो डॉलर वाचवतं. तेवढ्यात पदवीचं मूल्यमापन होतं, इंग्रजीचा सराव होतो, एखादा विषयही पदरात पडतो. शिकण्याची उमेद तिच्यात आहेच. घरच्यांनी तिला हा हिशोब मांडायला मदत करावी आणि तो जमला, की मनापासून पाठीशी उभं राहावं.