कॅन्सरचे उपचार चालू असताना खाणेपिणे



घरात कोणाला कॅन्सर निघाला की धावपळ सुरू होते ती दवाखान्याची आणि पैशाची. ती करावीच लागते. पण उपचार सुरू झाल्यावर रोग्याच्या ताटात काय पडते, तिकडे हवे तेवढे लक्ष जात नाही. उलट 'हे वातूळ, ते उष्ण' असे म्हणत दूध, अंडी, डाळ एकेक करून बंद होते आणि माणूस नुसत्या पेजेवर येतो. असले पथ्य रोग्याला मारक ठरते, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

वजन टिकवणे हे पहिले काम

केमोथेरपीची औषधे आणि रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारतात. पण त्याबरोबर तोंडातल्या, आतड्यातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या चांगल्या पेशींनाही मार बसतो. म्हणून तोंड येते, मळमळते, जुलाब लागतात. ही झीज भरून काढायला खुराक लागतो. तो मिळाला नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाते. माणूस फार खंगला तर डॉक्टरांना पुढचा डोस लांबवावा किंवा कमी करावा लागतो.

ऊस काट्यावर गेला की आपण किलोकिलोचा हिशेब बघतो. तसेच दर आठवड्याला एकाच काट्यावर रोग्याचे वजन करून वहीत लिहावे. ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो घटले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवावे.

अशा माणसाला दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७, मूठभर शेंगदाण्यात ६, वाटीभर घट्ट वरणात ५ ते ६ ग्रॅम असतात. पेजेवर हा हिशेब बसत नाही, हे उघड आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

तक्रार तसे जेवण

*मळमळ :* दोन वेळा पोटभर जेवणाऐवजी दर दोन तासांनी चार घास द्यावेत. फोडणीच्या वासाने उमासे येतात, म्हणून अन्न निवल्यावर वाढावे. उलटीची गोळी सांगितल्या वेळेलाच घ्यावी. घरची माणसे शेतावर जाणार असतील तर लाडू, चिक्की, केळी रोग्याच्या हाताशी ठेवून जावे.

*तोंड येणे :* तिखट, आंबट, कढत बंद. मऊ खिचडीवर तूप, नाचणीची खीर, दुधात कुस्करलेली पोळी, शिरा द्यावा. लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भराव्यात. धुण्याचा सोडा वापरू नये. तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. घास उतरतच नसेल आणि डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सांगितली तर घाबरू नये. नळी लागली म्हणजे सगळे संपले असे नव्हे. पोटात अन्न जाण्याची ती सोय आहे.

*जुलाब :* ओ.आर.एस.ची पुडी लिटरभर पाण्यात कालवून थोडे थोडे पाजावे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. भात, ताजे ताक, केळे चालते. जुलाब थांबत नसतील तर दवाखाना गाठावा.

ताप अंगावर काढू नये

केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा जंतूसुद्धा जिवावर बेततो. पाणी उकळून द्यावे, अन्न ताजे असावे, फळे धुऊन व सोलून द्यावीत. रसवंतीचा किंवा चरकावरचा कच्चा रस या दिवसांत नको, तो आपल्याच उसाचा असला तरी! ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला की गोळी देऊन सकाळची वाट बघत बसू नये. रात्र असली तरी रुग्णालयात न्यावे.

साखरेने कॅन्सर वाढतो का?

साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेची बाजू घेतली, असे कोणी म्हणू नये, म्हणून नीट सांगतो. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरे. पण साखर तोडल्याने त्या उपाशी मरत नाहीत. शरीर भात-भाकरीतून आणि स्नायू मोडूनही ग्लुकोज तयार करते. म्हणून रोगी गोडाचा घास आवडीने खात असेल तर हिसकावू नका. मधुमेह असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने. मात्र नुसत्या साखरेने ताकद येत नाही. खिरीत दूध आणि लाडवात शेंगदाणे हवेत.

उपचार संपेपर्यंत एकादशी-चतुर्थीचे उपवास बाजूला ठेवावेत. झाडपाल्याचा काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये, कारण काही काढे औषधाच्या कामात आडवे येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. जाताना वजनाची वही बरोबर न्यावी आणि रोगी काय खातो ते खरे सांगावे. औषध डॉक्टर देतील. घास घरच्यांनीच भरवायचा आहे.