एलईडी मिणमिणतो, पिन जळली का?

प्रश्न : नातवाबरोबर आर्डुइनो ऊनोवर खटपट चालू आहे. बोर्डावरचा दिवा तयार नमुना प्रोग्रॅमने व्यवस्थित लुकलुकतो. पण आम्ही 8 नंबरच्या पिनला जोडलेला लाल एलईडी खोलीत अंधार केला तरच दिसतो, इतका मंद. 220 ओहमऐवजी 100 ओहमचा रेझिस्टर लावला, एलईडीही बदलला, फरक शून्य. तोच एलईडी 9 नंबरवर ‘अ‍ॅनालॉगराइट’ने मात्र लख्ख पेटतो. 8 नंबरची पिन जळली का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. रेझिस्टर निम्म्याहून कमी करूनही उजेड बदलला नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. याचा अर्थ, करंट तुमचा रेझिस्टर अडवत नाहीये, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा दुसरा कुणीतरी अडवतोय. तो चिपच्या पोटात आहे.

ऊनोवरच्या एटीमेगा 328पी या चिपची प्रत्येक पिन रीसेटनंतर ‘इनपुट’ असते. सोय सुरक्षिततेची आहे. पिनला पलीकडे काय जोडलंय हे चिपला ठाऊक नसताना तिने उगाच 5 व्होल्ट ढकलू नयेत. ‘पिनमोड’ने ‘आउटपुट’ सांगितलं की ती खरी करंट द्यायला लागते. ते न सांगता ‘डिजिटलराइट’ने ‘हाय’ लिहिलं, तर चिप त्याचा वेगळाच अर्थ घेते: आतला पुलअप रेझिस्टर चालू कर. कारण या चिपमध्ये एकाच रजिस्टरला दोन कामं दिली आहेत. पिन आउटपुट असेल तर त्यातला बिट व्होल्टेज ठरवतो, इनपुट असेल तर पुलअप.

हा पुलअप 20 ते 50 किलोओहमचा. त्यातून लाल एलईडीला जेमतेम 0.07 ते 0.16 मिलिअँपिअर मिळतात. 220 ओहममधून थेट मिळाले असते सुमारे 14. हजारोंच्या शेजारी तुमचे 220 काय आणि 100 काय! आजकालचे एलईडी एवढ्याशा करंटवरही मिणमिणतात, म्हणून तर घोटाळा होतो. अजिबात पेटला नसता तर तुम्ही आधी प्रोग्रॅमच तपासला असता.

9 नंबरचं कोडं सोपं आहे. ‘अ‍ॅनालॉगराइट’ पिनला आपणहून आउटपुट करून टाकतं. आणि नमुना प्रोग्रॅममध्ये ‘पिनमोड’ची ओळ आधीच असते, पण बोर्डावरच्या दिव्यासाठी, म्हणजे 13 नंबरसाठी. बहुतेक तुम्ही खालचे आकडे बदलून 8 केलेत आणि वरची ओळ तशीच राहिली. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही, कारण व्याकरणात काही चूक नाही.

खात्री करायची तर मल्टिमीटर घ्या. जुनाच प्रोग्रॅम चालू ठेवून पिन ‘हाय’ असताना 8 आणि ग्राउंडमध्ये मोजा. एलईडी काढलेला असताना जवळपास 5 व्होल्ट दिसतील. लावला की आकडा दोनच्याही खाली घसरेल. मग ‘सेटअप’मध्ये 8 नंबरला आउटपुट करा. मात्र त्याआधी 220 ओहमचा रेझिस्टर परत लावा. 100 ओहमवर लाल एलईडीतून 25 ते 30 मिलिअँपिअर जातील. साध्या एलईडीला 20 पुरे होतात.

नातू पुढे बटण जोडेलच. तेव्हा हाच पुलअप उपयोगी पडतो. आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या 2012 मधल्या 1.0.1 आवृत्तीपासून त्यासाठी ‘इनपुट पुलअप’ असा वेगळा मोड आहे. बटण पिन आणि ग्राउंडमध्ये जोडायचं, बाहेरून रेझिस्टर लागत नाही. फक्त वाचन उलटं येतं, दाबलं की ‘लो’.