वाट चुकलेली मुले आणि विश्वास

बालगुन्हेगारीवर मानसशास्त्राच्या तासाला आम्ही पानेच्या पाने टिपणे उतरवून घेतली आहेत. दारिद्र्य, विस्कटलेले घर, वाईट संगत ही कारणे तोंडपाठ आहेत. पण अशा मुलाच्या शेजारी बसून पहिले वाक्य कोणते बोलावे, हे त्या टिपणांत कुठेच नाही. त्याचा थोडाफार उलगडा मला अंतोन माकारेंको (१८८८–१९३९) या सोव्हिएत शिक्षणतज्ज्ञाच्या लेखनात झाला.

१९२० साली युक्रेनमधील पोल्टावाजवळ त्यांनी गुन्हेगार ठरलेल्या मुलांची वसाहत सुरू केली. पुढे तिला गॉर्कीचे नाव मिळाले. यादवी युद्धात घरदार गमावून चोऱ्यामाऱ्यांवर जगलेली ही पोरे! माकारेंको काही संत नव्हते. आरंभीच्या दिवसांत एका उद्धट मुलावर हात उचलल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. (मला तर या कबुलीमुळेच त्यांचे पुढचे म्हणणे खरे वाटू लागले.) मुलांच्या पूर्वेतिहासाची कागदपत्रे पाहणे मात्र त्यांनी लवकरच सोडून दिले.

‘पेडॅगॉजिकल पोएम’ या त्यांच्या ग्रंथात काराबानोव नावाचा मुलगा आहे. एकेकाळच्या या चोराला ते शहरातून पैसे आणायला एकट्याला धाडतात. तो परत येतो, पैसे मोजून घ्या म्हणतो. तू मोजलेस ना, मग झाले, असे म्हणून ते रक्कम न मोजताच खणात टाकतात. पुढच्या खेपेला रक्कम त्याहूनही मोठी! मुलगा चिडतो, गोंधळतो. इतका विश्वास त्याला सोसवत नाही. हे पात्र ज्यावरून घेतले, तो सेम्योन कालाबालिन मोठेपणी स्वतः बालगृहाचा संचालक झाला.

हे सारे वाचूनही मी चुकलो. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही काही विद्यार्थी दर शनिवारी एका निरीक्षणगृहात जात असू. तिथल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाकडे मी मोठ्या ऐटीत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सोपवली. संध्याकाळी निघताना सहज म्हणून पुस्तके मोजली. चौतीसच्या चौतीस होती. मागे वळलो, तर तो दारात उभा!

पुढच्या शनिवारी किल्ली पुढे केली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘आधी मोजून घ्या, दादा. मग द्या.’’

मी काय बोलणार? क्षमा मागितली, ती त्याने ऐकल्यासारखी केली नाही. त्यानंतरचे चार शनिवार किल्ली टेबलावर तशीच पडून राहिली. मी ती उचलली नाही, आग्रहही केला नाही. आम्ही कॅरम खेळत असू, आणि बहुधा मीच हरत असे. पाचव्या शनिवारी किल्ली टेबलावर नव्हती. तो कपाटापाशी उकिडवा बसला होता, मांडीवर पाने सुटलेले एक पुस्तक होते.

‘‘पुढच्या वेळी डिंक आणाल का?’’ मान वर न करता त्याने विचारले.