थ्रॅश मेटल बँडकडून शिका भागीदारी

आजचा धडा थ्रॅश मेटलचा. हसू नका, पुढे वाचा.

मुंबईचा ‘सेप्टर’ बँड १९९८ मध्ये सुरू झाला. त्यांचा पहिला पूर्ण अल्बम ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ आला २०१३ मध्ये. पंधरा वर्षं! तुम्ही सहा महिन्यांत नफा नाही म्हणून शटर ओढता.

आता मेटॅलिका बघा. १९८१ मध्ये लार्स उल्रिक या ड्रमरने पेपरात छोटी जाहिरात दिली आणि त्यातून गिटारवाला जेम्स हेटफिल्ड मिळाला. ड्रमरने दुसरा ड्रमर शोधला नाही! १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम काढला जॉन झझुलाने. तोही आपल्यासारखाच, रेकॉर्ड विकणारा दुकानदार.

आपण काय करतो? दोस्त आहे म्हणून भागीदार घेतो. शहागंजमध्ये माझं पहिलं दुकान असंच निघालं. भांडवल निम्मं-निम्मं, पण सकाळी शटर उघडायला रोज मीच. वर्षभरात दुकान गेलं, दोस्तही गेला. चूक माझीच, काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

भागीदारी कायदा १९३२, कलम १३ लक्षात ठेवा. करारात नसेल तर कामाचा वेगळा मोबदला मागता येत नाही, आणि नफा-तोटा समान वाटला जातो. मग तुम्ही बारा तास बसा नाहीतर दोन.

आज रात्रीचा गृहपाठ: भागीदारासोबत बसा, तीन गोष्टी कागदावर घ्या.
१. कोण काय काम करणार?
२. पगार किती, नफ्यात वाटा किती?
३. एकजण बाहेर पडला तर हिशोब कसा?

विचारायला लाज वाटते? मग भागीदारी करूच नका.