मंडळीतील पहिली कुरकुर



‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय या आठवड्यात घरी वाचावा. पहिली सात वचने पुरेत.

यरुशलेमच्या मंडळीत दोन भाषांचे लोक होते. काही तिथलेच, अरामी बोलणारे. काही बाहेरून येऊन राहिलेले, ग्रीक बोलणारे. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांना डावलले जाते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. पेन्टेकॉस्टला सर्वांना आपापल्या भाषेत ऐकू आले होते. आणि आता भांडण जेवणावरून!

प्रेषितांनी काय केले? ‘आपण सारे एकच, मग तक्रार कसली?’ असे त्यांनी ऐकवले नाही. (ज्याचे ताट भरलेले असते, बहुधा तोच असे ऐकवतो.) त्यांनी मंडळीला सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप आणि इतर, सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे वाढण्याचे काम डावललेल्यांच्याच बाजूच्या माणसांकडे गेले असावे.

आपले ऊर्जानगर वीज केंद्रामुळे वसले. नोकरीसाठी केरळ, तामिळनाडू, आंध्र, बिहारमधून माणसे आली. भरतीचा विषय निघाला की ‘बाहेरचे’ हा शब्द चटकन तोंडी येतो. पण चांद्यावर १७५१ पर्यंत गोंड राजांचे राज्य होते. नागपूरकर भोसले त्यानंतरचे. १९६२ साली चांदा मिशन क्षेत्र सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे आले, तेव्हा केरळचे धर्मगुरू इथे आले. गोंडांच्या हिशेबाने आम्ही बहुतेक सारे बाहेरचेच.

तरीही ज्यांची शेती प्रकल्पात गेली, त्यांची नोकरीची मागणी ‘प्रांतवाद’ म्हणून झटकू नये. ती त्या विधवांच्या तक्रारीसारखीच आहे. कुणाला त्याचा वाटा देणे वेगळे आणि शेजाऱ्याला हाकलणे वेगळे. आपल्या घटनेच्या उद्देशिकेत बंधुतेला दोन गोष्टी जोडल्या आहेत : आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. अपमान गिळून बसलेल्या माणसाकडून एकतेची घोषणा वदवून घेता येते, एकता नाही.

आता आपल्या मंदिराकडे पाहू. मिस्सात वाचन कोणत्या घरांतली मुले करतात? सणाच्या जेवणात पहिल्या पंगतीला कोण बसते आणि शेवटी भांडी कोण घासते? आदिवासी कुटुंबे मागच्या बाकांवरच का? पॅरिश कौन्सिलच्या पुढील सभेत हे तीन प्रश्न घेणार आहोत. ज्यांना मराठी बोलणे जड जाते त्यांनी आपल्या भाषेत बोलावे. सांगणारा शेजारी मिळेल.

आणि सातवे वचन वगळू नका. तो तंटा मिटल्यावर शिष्यांची संख्या वाढली, असे तिथे लिहिले आहे. त्यात पुष्कळ याजकही होते.