एका रक्तनमुन्यावरून इन्शुलिन-संवेदनशीलता

चरकाचार्यांनी स्थूल व कृश असे दोन प्रकारचे प्रमेही सांगितले आहेत. केवळ देहयष्टीवरून इन्शुलिनच्या कार्याचे अनुमान करता येत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानेही दाखविले आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात मुलांची ही तपासणी सहाव्या वर्षी उपाशीपोटीच्या रक्तावरून झाली.

इन्शुलिन-संवेदनशीलतेची प्रमाणभूत ‘क्लॅम्प’ चाचणी (१९७९) सुमारे दोन तास चालते व दर पाच मिनिटांनी रक्त घ्यावे लागते. अकोले वा पाथर्डीच्या रुग्णास ती शक्य नाही. १९८५ साली ऑक्सफर्ड येथे ‘होमा’ ही सुलभ पद्धत मांडली गेली. उपाशीपोटीचे ग्लुकोज (मि.ग्रॅ./डे.लि.) व इन्शुलिन (मायक्रोयुनिट/मि.लि.) यांचा गुणाकार करून ४०५ ने भागावे. उत्तर जितके अधिक, तितका इन्शुलिन-प्रतिरोध अधिक.

मात्र नमुना एकच असल्याने तो सदोष झाल्यास पुढे दुरुस्ती नाही. समजा, ग्लुकोज ९० व इन्शुलिन १८ आहे. उत्तर ४ येते. नलिका दोन तास उन्हाळ्यात तशीच राहून ग्लुकोज ८१ झाले आणि रक्तकण फुटून इन्शुलिन १५ वर आले, तर उत्तर ३ येईल. दोन्ही दोष एकाच दिशेचे आहेत. रुग्णास खोटा दिलासा मिळतो.

म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

१. रात्री ८ ते १२ तास लंघन, पाणी चालेल.
२. ग्लुकोजसाठी फ्लोराइडची (करड्या झाकणाची) नलिका वापरून ती बर्फाच्या डब्यात ठेवावी.
३. इन्शुलिनसाठी ईडीटीए (जांभळ्या झाकणाची) नलिका चालेल काय, हे प्रयोगशाळेस आधी विचारावे. तीत इन्शुलिन अधिक काळ टिकते. दूरच्या गावांस हे सोयीचे.
४. बारीक सुईने रक्त जोराने ओढू नये. नलिका हलवून आपटू नये.
५. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास नोंद करावी; काही यंत्रांत त्याने इन्शुलिनचा आकडा चुकतो. औषधविक्रेत्यांनीही ग्राहकास ही सूचना द्यावी.

इन्शुलिनची इंजेक्शने घेणाऱ्यांत ‘होमा’ वापरू नये. चिकित्सेपूर्वी व नंतर तुलना करावयाची असल्यास प्रयोगशाळा, वेळ व नलिका तीच ठेवावी. अन्यथा आपल्या औषधाचा गुण की नमुन्याचा दोष, हे सांगता येणार नाही.