गर्भाशयातील जागरूक पहारेकरी

रोगजंतूंना अटकाव करणे आणि पित्याचा अर्धा वारसा घेऊन येणाऱ्या गर्भाला नऊ महिने आश्रय देणे, ही परस्परविरोधी भासणारी दोन कामे स्त्रीच्या जननमार्गाला करावी लागतात. अंशतः परका असलेला गर्भ मातेचे शरीर झिडकारत कसे नाही, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ साली मांडला. त्याच्या उत्तराचा मोठा भाग जन्मजात प्रतिकारशक्तीच्या पेशींत दडलेला आहे.

दोन प्रकारची प्रतिकारशक्ती

अनुभवातून शिकणारी प्रतिकारशक्ती लसीकरणामुळे सर्वांच्या परिचयाची झाली आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीला अशा पूर्वानुभवाची गरज नसते. परक्या कणांना वेढून गिळणाऱ्या भक्षक पेशींचे कार्य एली मेचनिकॉफ यांनी १८८२ साली तारामाशाच्या अळीत पाहिले. या संशोधनासाठी त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

संरक्षणाची रचना

योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू लॅक्टिक आम्ल तयार करून तेथील आम्लता टिकवितात. त्यामुळे अपायकारक जंतूंची वाढ रोखली जाते. गर्भाशयमुखातील चिकट स्राव हा दुसरा अडसर होय. त्यापलीकडे न्यूट्रोफिल, भक्षक पेशी, जंतूंची ओळख पटविणाऱ्या डेंड्रायटिक पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी पहारा देतात.

मासिक पाळीच्या सुमारास न्यूट्रोफिल व भक्षक पेशी गर्भाशयाच्या अस्तरात मोठ्या संख्येने जमतात. गळून पडणाऱ्या पेशींचे अवशेष त्या दूर करतात आणि काही दिवसांतच अस्तर व्रण न राहता भरून येते. पाळीला अपवित्र मानणे किती निराधार आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मारक नव्हे, पोषक

गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत गर्भाशयाच्या अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के पेशी नैसर्गिक मारक पेशी असतात. नाव मारक असले, तरी येथे त्या गर्भाचा नाश करीत नाहीत. वारेच्या पेशींच्या साहाय्याने त्या गर्भाशयातील नागमोडी रोहिण्या रुंद करण्यास हातभार लावतात. त्यामुळे गर्भाला पुरेसा रक्तपुरवठा होतो. हे रुंदीकरण अपुरे राहिल्यास गर्भाची वाढ खुंटणे किंवा मातेचा रक्तदाब वाढणे असे धोके संभवतात.

व्यवहारात काय करावे?

या ज्ञानातून काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. योनिमार्ग आतून औषधी द्रवाने धुऊ नये; त्यामुळे उपकारक जंतू नष्ट होतात. दुर्गंधीयुक्त स्राव, ओटीपोटात दुखणे व ताप ही लक्षणे लज्जेपोटी लपवू नयेत. दुर्लक्षित संसर्गामुळे बीजवाहक नलिका बंद होऊन वंध्यत्व येऊ शकते. गरोदरपणी प्रत्येक तपासणीच्या वेळी रक्तदाब मोजून घ्यावा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास डॉक्टरांना त्वरित दाखवावे.

रक्तातील मारक पेशी मोजून गर्भाशयातील पेशींची स्थिती कळत नाही. म्हणून वारंवार गर्भपात झालेल्या दांपत्याने अशा महागड्या चाचण्यांपूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे हिताचे ठरेल. गर्भपाताचा दोष स्त्रीच्या माथी मारण्याची प्रवृत्ती मात्र सर्वांनीच सोडली पाहिजे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती गावागावांत पोहोचविल्यास अनेक मातांचे आरोग्य सुरक्षित राहील.